संस्थेची गादी : सामूहिक निवासांसाठी स्वच्छ आणि टिकाऊ अंथरूण-पांघरूण

खरेदीच्या मागणीपत्रकात ती एवढीच असते : ‘गादी, सिंगल, २०० नग’. त्याच पत्रकात केबलचा आडवा छेद, सिमेंटची प्रत, सुरक्षा-हेल्मेटचे मानक हे सारे काटेकोरपणे लिहिलेले असते. गादीलाही लांबी-रुंदीपलीकडे काही गुणधर्म असू शकतात, हे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत अशी पत्रके ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांत मराठी अभियंते, मनुष्यबळ अधिकारी, सुविधा व्यवस्थापक आणि खरेदी विभागातील मंडळी बरीच आहेत. स्वाक्षरीला अर्धे मिनिट लागते. त्यानंतर पुढची काही वर्षे दोनशे माणसे त्या स्वाक्षरीवर झोपतात.

हा लेख त्या एका ओळीविषयी आहे. येथे उदाहरण मुख्यतः कामगार निवासाचे घेतले आहे. पण वसतिगृहे, परिचारिकांची निवासस्थाने, वृद्धाश्रम आणि काही फरकांसह रुग्णालये यांनाही त्यातील बहुतेक विवेचन लागू पडते.

घरची गादी आणि संस्थेची गादी

घरातल्या गादीला मालक असतो. ती कुठे दबली आहे, कधी भिजली, मागच्या दिवाळीत पिंजून घेतली की नाही, हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे तर गादीला ऊन दाखवणे हे घरकामाच्या वेळापत्रकातले एक ठरलेले काम होते. पिंजारी दारावर येई, धुनकीच्या तारेवर जुना कापूस पुन्हा फुलवी, खोळ धुऊन झालेली असे, आणि संध्याकाळपर्यंत गादी नवी होई. आरोग्याच्या भाषेत सांगायचे तर ती गादी पूर्णपणे उलगडता येत होती. आतला कापूस आणि बाहेरची खोळ यांची देखभाल स्वतंत्रपणे होत असे.

संस्थेच्या गादीला असा मालक नसतो. खरेदी करणारा तिच्यावर कधी झोपत नाही, झोपणाऱ्याने ती निवडलेली नसते, धुणारा तिसराच असतो. त्यात झोपणारी शरीरे बदलत राहतात. एक कामगार मायदेशी परततो आणि त्याच आठवड्यात दुसरा विमानतळावरून थेट त्याच खाटेवर येतो. पहिल्याचा घाम, त्वचेचे कण, क्वचित खरूज वा ढेकूण यांचा वारसा दुसऱ्याला मिळतो.

जुन्या मराठी वसतिगृहांनी या प्रश्नाचे उत्तर सोप्या रीतीने दिले होते. विद्यार्थी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन येई. खाट संस्थेची, अंथरूण ज्याचे त्याचे. सुटीत वळकटी घरी जाई आणि आईच्या हातून धुऊन परत येई. विमानाने येणाऱ्या माणसाला वळकटी आणता येत नाही, म्हणून आखातात ही जबाबदारी संस्थेवर आली. पण वळकटीत दडलेले तत्त्व तिच्याबरोबर आले नाही. शरीराला जे लागते ते धुता आले पाहिजे, आणि जे धुता येत नाही ते शरीराला लागू नये, हे ते तत्त्व. फोमची गादी धुता येत नाही. बाजारातल्या कितीही महागड्या गादीबाबत हे सत्य बदलत नाही. त्यामुळे संस्थात्मक अंथरुणाच्या रचनेत गादीपेक्षा तिची खोळ, चादर आणि धुलाईची सोय यांना अधिक महत्त्व येते. प्रत्यक्षात पैशांचा ओघ नेमका उलट असतो : गादीवर घासाघीस करून खर्च होतो, खोळ तिच्याबरोबर जी मिळेल ती, आणि धुलाई ‘कामगार आपापली करतील’.

रुग्णशय्येचा हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोट्या पुस्तकात अंथरूण-पांघरुणावर स्वतंत्र प्रकरण आहे. शरीरातून निघणारा ओलावा अंथरूण शोषून घेते आणि ते हवेशीर केले नाही तर माणूस स्वतःच्याच बाष्पात झोपतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. लोखंडी पलंग, खालून खेळती हवा, पातळ गादी, हलकी ब्लँकेटे, आणि पलंगाभोवती झालर नको, असा त्यांचा आग्रह होता. दीडशेहून अधिक वर्षांनंतर यातील एकही मुद्दा जुना झालेला नाही.

तीन चौरस मीटरांचे गणित

अमिरातीत सामूहिक कामगार निवासासाठीची मानके मंत्रिमंडळाच्या २००९ च्या १३ क्रमांकाच्या ठरावाने निश्चित झाली. त्यानुसार खोलीत प्रत्येक व्यक्तीमागे किमान ३ चौरस मीटर जागा असावी आणि एका खोलीत ८ ते १० माणसे असावीत. पुढे २०२२ च्या ४४ क्रमांकाच्या मंत्रालयीन ठरावाने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर, दरमहा १५०० दिरहमपेक्षा कमी वेतन असलेल्या कामगारांसाठी निवासाची सोय करणे बंधनकारक केले.

आता हिशेब करून पाहा. ९० बाय १९० सेंटिमीटरची खाट १.७१ चौरस मीटर जागा घेते. म्हणजे माणसाच्या वाट्याच्या जागेतील निम्म्याहून अधिक जागा एकट्या खाटेची. उरलेल्या सव्वा मीटरात कपाट, चपला, बॅग आणि स्वतः तो माणूस. दोन माणसांना दुमजली खाट दिली की सहा मीटरांतून १.७१ वजा होऊन चार मीटरांहून अधिक जागा मोकळी राहते. दुमजली लोखंडी खाट सर्वत्र का दिसते, याचे कारण या वजाबाकीत आहे. अशा खोलीत खाट हीच बैठक, जेवणाची जागा, नमाजाची वा पोथी वाचण्याची जागा आणि घरी व्हिडिओ कॉल करण्याची खोलीही असते. म्हणून येथील गादीवर केवळ झोपेचा भार गृहीत धरणे ही पहिली चूक. तिच्या कडेवर दिवसभर कुणीतरी बसलेले असते. घरच्या गादीत मध्यभाग आधी खचतो, संस्थेच्या गादीत कडा आधी खचते.

अल कुझ, जबल अली, मुसफ्फा, शारजातील सजा, आणि अर्थातच मुहैसनाचा तो भाग, ज्याला सारे ‘सोनापूर’ म्हणतात. (मुंबईकराला हे नाव ऐकून दचकायला होते, कारण तेथे सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचे स्मशान.) या वसाहतींपलीकडे करामा, देरा, सतवा येथील ‘बेडस्पेस’चे जग आहे. तेथे नवखे मराठी पदवीधरही पहिले काही महिने काढतात. कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे विषय असले तरी गादीच्या दृष्टीने ते एकच आहेत.

‘मेडिकेटेड’ म्हणजे काय?

आखाती बाजारात स्वस्त सिंगल गादी मागितली की ‘मेडिकेटेड’ किंवा ‘मेडिकल’ गादी पुढे येते. या नावात औषधाचा अंशही नाही. गादी कारखान्यांत उरलेल्या फोमच्या कापणीचे तुकडे चिकटद्रव्याने माखून, वाफ आणि दाब देऊन ठोकळा तयार करतात आणि त्याच्या पट्ट्या कापतात. त्याला रीबॉण्डेड फोम म्हणतात. ती कडक असते, आणि कडक म्हणजे पाठीला चांगली या समजुतीवर नाव बेतले आहे.

तिला सरसकट नावे ठेवणेही योग्य नाही. त्याच किमतीत मिळणाऱ्या हलक्या, पोकळ फोमपेक्षा ती लवकर खचत नाही. पण तिचे तीन दोष लक्षात ठेवावेत. आतले तुकडे कोणत्या प्रतीचे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. चिकटद्रव्याची पकड सुटू लागली की गादी आतून भुसभुशीत होते, आणि ते वरून दिसत नाही. तिसरा दोष वजनाचा : वरच्या खाटेवरील जड गादी उचलून खालची बाजू पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही, आणि नेमके तेथेच ढेकूण व बुरशी वसते.

फोमविषयी बोलताना घनता आणि कडकपणा यांची गल्लत टाळली पाहिजे. घनता म्हणजे एका घनमीटरात किती किलो पदार्थ आहे ते. कडकपणा म्हणजे दाबायला किती बळ लागते ते. टिकाऊपणाचा संबंध मुख्यतः घनतेशी आहे. सलग ओतलेल्या साध्या पॉलियुरेथेन फोमसाठी संस्थात्मक वापरात घनमीटरामागे ३५ ते ४० किलो ही समाधानकारक मर्यादा मानता येते; २० च्या आसपासचा फोम पहिल्या वर्षातच खड्डा दाखवतो. मात्र खडूची भुकटी मिसळून घनता वाढवता येते आणि अशा फोमचे आयुष्य वाढण्याऐवजी घटते. रीबॉण्डेड फोमची घनता ८० वा १०० असली म्हणजे तो दुप्पट टिकेल, असेही नाही. म्हणून केवळ घनतेचा आकडा न मागता चाचणीचा अहवाल मागावा. ‘आयएसओ ३३८५’ या चाचणीत फोमच्या नमुन्यावर ८०,००० वेळा ठोके देऊन त्याची जाडी आणि कडकपणा किती घटला ते मोजतात. पूर्ण गादीसाठी ‘ईएन १९५७’ ही युरोपीय चाचणी आहे. तीत सुमारे १४० किलो भाराचा रूळ गादीवरून ३०,००० वेळा फिरवला जातो. ज्या पुरवठादाराला या दोन्ही नावांची ओळख नाही, त्याच्या ‘पाच वर्षांच्या हमी’चा अर्थ आपण समजून घ्यावा.

आगीचा मुद्दा याच ठिकाणी येतो. पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो, आणि आठ मोबाइल चार्जर जोडलेल्या खोलीत ठिणगी दुर्मीळ नसते. ब्रिटिश मानक ‘बीएस ७१७७’ गाद्यांचे धोक्यानुसार वर्ग करते. घरगुती गादी ‘कमी धोका’ वर्गात, तर वसतिगृहे व हॉटेले यांच्यासाठी ‘मध्यम धोका’ वर्ग असतो. मध्यम वर्गाच्या चाचणीत गादीवर लाकडी काड्यांची छोटी चिता रचून ती पेटवतात. ही चाचणी फोम आणि खोळ यांची मिळून असावी लागते. फोमचे प्रमाणपत्र वेगळे आणि खोळीचे वेगळे दाखवले तर एकत्रित गादीविषयी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

खोळ : खरी गादी तीच

भारतातील सरकारी रुग्णालयांत वाढलेल्या प्रत्येकाला ती रेक्झिनची गादी आठवत असेल : हिरवी वा तपकिरी, घामाने चिकटणारी, कोपऱ्यात फाटलेली, आणि त्या फाटीवर लावलेली चिकटपट्टी. रेक्झिन, म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड, पाणी अडवते हे खरे; पण बाष्पही अडवते. त्यामुळे झोपणारा त्यावर काहीतरी जाड अंथरतो, ते जाड अंथरूण धुतले जात नाही, आणि खोळीचा हेतूच फसतो. शिवाय पीव्हीसी कालांतराने कडक होऊन चिरते.

आजच्या चांगल्या संस्थात्मक खोळीचे कापड विणलेल्या पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर देऊन केलेले असते. ते ताणले जाते, पाणी आत जाऊ देत नाही, पण बाष्प काही प्रमाणात बाहेर सोडते. कापड कितीही चांगले असले तरी खोळ शिवणीत हरते. सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला दिलेली वाट. म्हणून रुग्णालयासाठी शिवणीऐवजी उष्णतेने सांधलेल्या कडा मागाव्यात. कामगार निवासात खर्च आवरायचा असेल तर निदान वरच्या पृष्ठभागावर शिवण नसावी. ती बाजूच्या पट्टीत, खाली वळवलेली असावी. चेन पायाच्या बाजूला असावी आणि तिच्यावर कापडाची झडप असावी. तुरुंगांसाठीच्या गाद्या चेनशिवाय पूर्ण बंद करतात, त्यामागे लपवाछपवीचे वेगळे कारण आहे. निवासासाठी चेन हवीच, कारण आत डोकावता आले पाहिजे.

खोळ निकामी झाली तर काय होते, याचा मोठा पुरावा अमेरिकेतून आला. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे जानेवारी २०११ ते जानेवारी २०१३ या दोन वर्षांत, रुग्णशय्येच्या खोळीतून रक्त वा शरीरद्रव आत झिरपल्याच्या चारशेहून अधिक तक्रारी आल्या, आणि २०१३ मध्ये या प्रशासनाने रुग्णालयांना सावधगिरीची सूचना दिली. वरून स्वच्छ पुसलेली गादी आतून आधीच्या रुग्णाचे द्रव धरून होती आणि दाब पडताच ते बाहेर येत होते. खोळ खराब होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जंतुनाशकच. तीव्र क्लोरीनचे द्रावण पॉलियुरेथेनचा थर हळूहळू कुरतडते, विशेषतः पुसल्यानंतर साध्या पाण्याचा हात फिरवला नाही तर. कोणत्या जंतुनाशकाने, किती तीव्रतेने पुसायचे, हे खोळीच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावे आणि तो कागद सफाईच्या खोलीत लावावा. कार्यालयातल्या फायलीत त्याचा उपयोग नाही.

रंगाविषयी एक आग्रह. खरेदी विभागाला गडद तपकिरी किंवा फुलाफुलांची खोळ आवडते, कारण ‘डाग दिसत नाहीत’. डाग दिसलेच पाहिजेत. ढेकणाच्या विष्ठेचे काळे ठिपके फिकट कापडावर पहिल्या आठवड्यात नजरेस येतात, गडद कापडावर ते लक्षात येईपर्यंत मजलाभर प्रादुर्भाव झालेला असतो.

खाट

दुमजली खाटेत गादीची जाडी हा सुरक्षेचा प्रश्न होतो. युरोपीय मानक ‘ईएन ७४७’ नुसार वरच्या खाटेचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान १६ सेंटिमीटर उंच हवा. दहा सेंटिमीटर जाडीची गादी गृहीत धरून बनवलेल्या खाटेवर कुणी ‘अधिक आरामदायी’ म्हणून वीस सेंटिमीटरची गादी टाकली, की कठडा नावापुरता उरतो. खाट आणि गादी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात तेव्हा ही चूक हमखास होते.

गादीखाली सलग प्लायवूड नसावे. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत, सतत थंड केलेल्या खोलीत, शरीराचे बाष्प फोममधून खाली उतरते आणि प्लायवूडवर अडते. काही महिन्यांत तेथे बुरशीची काळी नक्षी उमटते. लोखंडी जाळी किंवा फटी ठेवलेल्या पट्ट्या उत्तम. फटी फार रुंद असल्या तर फोम त्यांत रुततो, एवढे जपावे. पोकळ नळ्यांच्या खाटेची उघडी टोके ढेकणांची वसाहत होते. ती बूच लावून वा सांधून बंद करावीत. आपल्याकडे बाजेच्या सुंभावर उकळते पाणी ओतत, त्यामागे अनुभव होता. लोखंडी नळीच्या आत ते पाणी पोहोचत नाही.

चादर, पांघरूण आणि धुलाईयंत्र

मोठ्या हॉटेलांत आणि रुग्णालयांत चादरींचा हिशेब ‘तीन संच’ असा असतो : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. कामगार निवासात बहुधा एकच संच दिला जातो, आणि मग चादर धुतली त्या रात्री माणूस उघड्या गादीवर झोपतो, किंवा धुतच नाही. दुबईत बाल्कनीत कपडे वाळत घालणे नगरपालिकेला मान्य नाही. त्यामुळे वाळवण्याची जागा नसलेल्या इमारतीत ‘कामगार आपापली चादर धुतील’ हे वाक्य कागदावरच राहते.

धुलाईची गरज मोजता येते. १५० बाय २४० सेंटिमीटरची, चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाची चादर साधारण एक पौंडाहून थोडी अधिक, म्हणजे ४७० ग्रॅम भरते. दोन चादरी आणि एक अभ्रा मिळून एक किलो धरा. दोनशे माणसांचे दर आठवड्याला दोनशे किलो. वीस किलोच्या यंत्राच्या दहा फेऱ्या, म्हणजे दिवसाला दोनही नाहीत. एक यंत्र आणि एक वाळवणीयंत्र पुरते. दोनशे गाद्यांच्या खर्चापुढे ही रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नाही.

तापमानाबाबत ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा निकष सरळ आहे : ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे, किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे, आणि कपडे पूर्ण भिजून तापण्यासाठी त्याशिवाय काही वेळ. निवासासाठी ६० अंशांची धुलाई पुरेशी मानता येते. धुळीतील किडे, खरजेचे किडे आणि ढेकूण तीत मरतात. बाहेर धुलाई दिली असेल तर करारात तापमान लिहावे आणि नोंद मागावी, कारण गार पाण्यात धुतलेली चादरही पांढरी आणि सुवासिक येऊ शकते.

म्हणून कापड असे निवडावे की ज्याला ६० अंश सोसतील. संस्थेसाठी कापूस-पॉलिस्टर मिश्रण शुद्ध सुतापेक्षा सोयीचे. ते कमी आटते, लवकर वाळते, अधिक धुलाया सोसते. चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर मात्र टाळावी. वाळवणीयंत्राच्या उष्णतेत इलॅस्टिक मरते आणि बाकी धड चादर भंगारात जाते. साधी सपाट चादर, गादीखाली भरपूर दुमडेल इतकी मोठी, हीच खरी टिकाऊ.

पांघरुणाचे दुखणे वेगळे आहे. ऑगस्टमध्ये बाहेर ४५ अंश असताना आत वातानुकूलनामुळे माणूस जाड ब्लँकेट ओढून झोपतो, आणि ते ब्लँकेट बहुधा आखातातून गावी भेट म्हणून जाणाऱ्या त्या केसाळ, वाघ-गुलाबांच्या चित्राच्या जातीचे असते. चार किलोचे हे ब्लँकेट दोनशे माणसांचे धुवायचे म्हणजे आठशे किलो. ते यंत्रात नीट फिरत नाही आणि वाळायला दिवस घेते. अर्थात ते धुतलेच जात नाही. त्याऐवजी दोन पातळ पांघरुणे द्यावीत. या बाबतीत आपल्या सोलापुरी चादरीची आठवण अगत्याने करावीशी वाटते. जाड सुताची, जॅकार्ड मागावर विणलेली, भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभलेली ही चादर वातानुकूलित खोलीत पुरेशी ऊबदार असते आणि सामान्य यंत्रात धुता येते. रंग पक्का आहे याची खात्री मात्र ‘आयएसओ १०५-सी०६’ या धुलाई-चाचणीच्या अहवालाने करून घ्यावी. लाल रंग सोडणारी एक चादर वीस किलो पांढरे कपडे गुलाबी करते.

ढेकूण आणि गोळ्या

येथे विषय स्वच्छतेचा न राहता जिवाचा होतो. ढेकणांनी कीटकनाशकांना, विशेषतः पायरेथ्रॉइड गटाला, जगभर प्रतिकारशक्ती मिळवली आहे. फवारणी होते, आठवडाभर बरे वाटते, पुन्हा खाज सुरू होते. मग कुणीतरी ‘गोळ्या’ आणतो. धान्याच्या कोठारातील कीड मारण्यासाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन वायू सोडतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना या गोळ्यांचा परिचय आहे, तो दुर्दैवाने कोठारापुरता नाही. फॉस्फिन भिंतीच्या फटींतून, वातानुकूलनाच्या नळांतून शेजारच्या घरात जातो. अमिरातीत या गोळ्यांच्या घरगुती वापरास बंदी आहे. तरीही शेजारच्या घरात ठेवलेल्या गोळ्यांच्या वायूने झोपेतली मुले दगावल्याच्या घटना शारजा आणि दुबईत एकाहून अधिक वेळा घडल्या आहेत. ज्याने गोळ्या ठेवल्या तो बहुधा खोली बंद करून दोन दिवस मित्राकडे गेलेला असतो. त्याला फक्त झोप हवी होती.

ढेकणांवर खात्रीचा उपाय उष्णता आहे. ४८ अंशांना प्रौढ ढेकूण सुमारे वीस मिनिटांत मरतो, अंड्यांना त्याच तापमानाला सुमारे दीड तास लागतो. चादर-पांघरूण वाळवणीयंत्रात पूर्ण उष्णतेवर अर्धा तास फिरवले तर काम होते. गादीला मात्र ऊन दाखवण्याचा आपला जुना उपाय फोमला लागू पडत नाही. फोम उष्णतारोधक आहे. वरची बाजू तापते, आतली नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. कापूस पिंजून वाळवणाऱ्यांना जे साधत होते, ते सलग ठोकळ्याला साधत नाही. म्हणून पुन्हा खोळच : बारीक दातांच्या चेनची, सर्व बाजूंनी बंद खोळ. आतला ढेकूण बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. उपाशी ढेकूण अनेक महिने जगू शकतो, त्यामुळे अशी खोळ ‘एकदा स्वच्छ झाले’ म्हणून काढू नये.

खरजेचा किडा त्यामानाने दुबळा. माणसाच्या त्वचेपासून दूर तो दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. धुता न येणारी वस्तू बंद पिशवीत आठवडाभर ठेवली तरी पुरते. खोलीतील सर्वांवर एकाच दिवशी उपचार मात्र झालेच पाहिजेत.

हस्तांतराच्या वेळी

खाट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना दोन चाचण्या कराव्यात. रुग्णालयांत त्या रूढ आहेत, उपकरण काही लागत नाही. पहिली मुठीची : गादीवर दोन्ही हातांच्या मुठी रोवून शरीराचा भार टाकावा, खालची जाळी हाताला लागली तर फोम संपला. दुसरी पाण्याची : चेन उघडून खोळीच्या आत, ज्या जागी कंबर येते तेथे टिश्यू कागद ठेवावा, चेन लावावी, वरून मुठीने खळगा करून त्यात थोडे पाणी ओतावे, मूठ काही वेळा दाबावी, पाणी पुसावे आणि कागद पाहावा. कागद ओला झाला तर खोळ बाद. आत फोमवर डाग दिसला तर गादीही बाद. एका गादीला पाच मिनिटे लागतात. उशीला कोणतीच चाचणी नाही; ती प्रत्येक नव्या माणसाला नवी द्यावी आणि जाताना त्याला नेऊ द्यावी.

गादीवर खरेदीचा महिना आणि क्रमांक ठळक छापलेला असावा, आणि तो खाटेच्या नोंदवहीशी जुळावा. त्याशिवाय कोणती गादी तीन वर्षांची आणि कोणती नऊ, हे गोदामपालही सांगू शकत नाही.

मग मागणीपत्रकातील ती ओळ साधारण अशी होते : ‘गादी, ९० बाय १९० सेंमी, जाडी १० सेंमी (खाटेच्या कठड्याशी पडताळून), सलग फोम, घनमीटरास किमान ३५ किलो, भरणद्रव्याविना, आयएसओ ३३८५ चाचणीचा अहवाल, खोळीसह अग्निचाचणी, बीएस ७१७७ मध्यम धोका, खोळ पॉलियुरेथेन थराची, फिकट रंगाची, वर शिवण नसलेली, झडपेची चेन, ६० अंशांत धुण्याजोगी, गाद्यांच्या १० टक्के सुट्या खोळी, सपाट चादरी व अभ्रे माणशी तीन संच, क्रमांक व खरेदीचा महिना छापलेला. पुरवठ्याआधी दोन नमुने.’ त्या दोन नमुन्यांपैकी एक कापून पाहावा. दुसरा महिनाभर एखाद्या फोरमनच्या खाटेवर टाकावा, आणि तो काय म्हणतो ते ऐकून मग स्वाक्षरी करावी.